आजीचं नाक आणि ११ लाल खुणा

या सदरासाठी आलेलं पत्र असं आहे (थोडं आखडून देते):

"मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले. माझी सून एका कंपनीत हिशेबाचं काम करते. दीड वर्षापासून, मुलगी झोपली की रात्री टॅबवर चार चौकटींची विनोदी चित्रमालिका काढते. आजी, आजोबा, सून, नात असं एक घर तिने त्यात उभं केलंय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. यंदा गणपतीत मंडळाच्या भित्तिपत्रकात दोन पट्ट्या लागल्या, लोकांनी फोटो काढून नेले. मलाही त्या आवडतात, पण चित्रात चुका फार. गणपती झाल्यावर तिने 'आई, कशी वाटली?' म्हणून विचारलं, तेव्हा मी एका पट्टीची प्रिंट काढून लाल पेन्सिलीने चुका दाखवून दिल्या. ती 'हो आई, बघते' म्हणाली. त्यानंतर दोन महिन्यांत एकही पट्टी आलेली नाही. मुलगा म्हणतो, तू बोलायलाच नको होतंस. खोटं कौतुक मला जमत नाही. गप्प बसू की बोलू? बोलायचं तर कसं? चार पट्ट्या आणि ती लाल खुणांची प्रत सोबत पाठवते आहे. – एक सासू"

ताई, नमस्कार.

तुमची प्रत टेबलावर ठेवली आणि आधी खुणा मोजल्या. ११ आहेत. चौकटी चार, म्हणजे चौकटीमागे जवळजवळ तीन. शाळेतल्या मुलाच्या वहीवर एवढं लाल दिसलं असतं तर पालक भेटायला आले असते. इथे तुमचा मुलगा येऊन गेलाच.

त्या ११ पैकी माझ्या मते चार खुणा बरोबर आहेत, पाच बिनकामाच्या आहेत, एक साफ चूक आहे आणि एक चित्राबद्दल नाहीच. त्या शेवटच्या खुणेकडे सावकाश येऊ.

साफ चूक ती बोटांची. आजोबांनी बशी धरलीय, त्या हाताभोवती गोल करून तुम्ही लिहिलंत, "पाचवं बोट कुठे गेलं?" ते कुठेही गेलं नाही, ते नव्हतंच. हास्यचित्रांत अंगठा आणि तीन बोटं एवढ्यावर हात भागवायची रीत फार जुनी आहे. चित्र लहान असतं, तेवढ्याशा जागेत पाच बोटं कोंबली की हाताचा केळ्यांचा घड होतो. तुमच्या सुनेने चारही पट्ट्यांत, प्रत्येक माणसाला, न चुकता चारच बोटं दिली आहेत. मी मोजली. विसरभोळ्या माणसाने एखाद्या तरी हाताला पाच दिली असती. म्हणजे हे तिने ठरवून केलंय, आणि तुम्ही त्याला चूक ठरवलंत. ती लाल खूण बघून तिच्या मनात काय आलं असेल? आईंनी माझं चित्र तपासलं, पण मी काय करते आहे ते काही बघितलं नाही.

म्हणून 'चूक' हा शब्द तोंडात यायच्या आधी 'हे मुद्दाम असं केलंस का?' हे विचारायची सवय लावून घ्या. फक्त आवाज सांभाळा. हे वाक्य सासूच्या तोंडून किती प्रकारे निघू शकतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी पंचविशीत असताना एका अंकासाठी अशीच पट्टी काढून पाठवली होती. संपादकांनी (नाव राहू द्या, माणूस भला होता) कोपऱ्यात दोन शब्द लिहून ती परत धाडली: "हात शिका." सूचना शंभर टक्के बरोबर होती. पुढची दोन वर्षं माझ्या चित्रांतले सगळे पुरुष खिशात हात घालून किंवा पाठीमागे हात बांधून उभे राहिले. बायकांना खिसे नसतात, त्यांचे हात पदराखाली गेले. मी हात शिकले नाही, हात लपवायला शिकले. माझं काय बिघडलंय ते त्या शेऱ्यात होतं, उद्या सकाळी कागदावर काय करून बघू ते नव्हतं. तुमच्या ११ शेऱ्यांतले आठ याच जातीचे आहेत. "अंतर?" "प्रमाण!" "यथादर्शन." (म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान दिसणं.) एका शब्दाचे शेरे तुम्हाला कळतात, कारण त्यांच्यामागे ३१ वर्षांचे तास उभे आहेत. तिच्यापुढे नुसता लाल शब्द आला.

आता त्या बिनकामाच्या पाच. खाटेचं यथादर्शन चुकलंय, तांब्याची सावली उलट्या बाजूला पडलीय, नातीचा कान वर गेलाय, वगैरे. स्थिरचित्राच्या तासाला यातली प्रत्येक गोष्ट धरली पाहिजे. तिथे बघणारा चित्रासमोर थांबतो. पट्टीसमोर कुणी थांबत नाही. चार चौकटी पंधरा-वीस सेकंदांत वाचून माणूस पुढे जातो, तेही बहुतेक फोनवर. तिथे चित्र अक्षरासारखं काम करतं: कोण आहे, कुठे आहे, काय चाललंय, एवढं चटकन लागलं पाहिजे. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने उरलेले केस, मिशी, चष्मा. एवढ्याच खुणांवर तो माणूस वर्षानुवर्षं ओळखू आला आणि एक शब्दही बोलला नाही. त्याच्या तांब्याची सावली कुणी तपासली? तुमच्या सुनेच्या खाटेवर आजोबा बसलेत हे कळतं. खाटेचं काम झालं.

आणि याच कसोटीवर तुमच्या चार खुणा बरोबर ठरतात, कारण त्या चार जागी वाचणारा खरोखरच अडतो.

पहिली, आजोबांची उंची. पहिल्या चौकटीत ते दाराच्या कडीला टेकतात, तिसऱ्यात नातीच्या बरोबरीचे होतात. वर चौथ्यात टोपी गायब. इथे तुम्ही "प्रमाण!" लिहिलंत. त्यापेक्षा असं सांगा: "तिसऱ्या चौकटीत मला क्षणभर वाटलं, हे दुसरेच कुणी आजोबा आलेत." यात तिला दोष दिलेला नाही, तुमच्या डोळ्यांना काय झालं ते सांगितलंय. डोळ्यांना झालेल्या गोष्टीशी वाद घालता येत नाही. उपायही सोपा आहे आणि तो तिला बहुधा माहीत असेल, नसेल तर सांगण्यासारखा आहे: एका कागदावर घरातल्या सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं, डोक्याच्या मापात उंची ठरवायची (आजोबा साडेचार डोकी, नात अडीच, असं काहीतरी), समोरून, बाजूने, पाठमोरं काढून तो कागद समोर चिकटवायचा. टॅबवर असेल तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. टोपी आहे की नाही तेही त्यातच ठरतं.

दुसरी, किटली. तोटीचं टोक बरोबर आजोबांच्या कानाला टेकलंय, त्यामुळे आजी त्यांच्या कानात चहा ओतते आहे असं दिसतं. (मला हे इतकं आवडलं की तसंच राहू द्यावंसं वाटलं.) दोन वस्तूंच्या रेषा नुसत्या टेकल्या की पुढचं आणि मागचं एकाच पातळीवर येऊन बसतं. एक तर किटली सरळ कानाच्या मागे जाऊ द्यायची, नाहीतर मध्ये बोटभर मोकळी जागा सोडायची. टेकवायचं तेवढं टाळायचं. तुम्ही "अंतर?" लिहिलंत तेव्हा तुमच्या मनात हेच असणार. पण "किटली कानाला लागली बघ" म्हणाला असता तर दोघी हसला असता आणि तिथेच काम झालं असतं.

तिसरी जास्त महत्त्वाची, तिच्यावर जरा थांबते. दुसऱ्या चौकटीवर तुम्ही लिहिलंत, "आजोबा इकडे कसे आले?" पहिल्या चौकटीत आजोबा डावीकडे, आजी उजवीकडे. दुसरीत बाजू बदलल्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे डावीकडचा फुगा आधी वाचला जातो. बाजू बदलल्याने आजीचं उत्तर आधी येतं आणि आजोबांचा प्रश्न नंतर. मी ही पट्टी शेजारच्या सातवीतल्या मुलाला वाचायला दिली. नावगाव काही सांगितलं नाही, 'कशी आहे' म्हणूनही विचारलं नाही. फक्त त्याच्या डोळ्यांकडे बघत बसले. दुसऱ्या चौकटीत नजर उजवीकडे गेली, मग मागे आली, मग पुन्हा गेली. अडखळला. याच्यावर मत वगैरे विचारायची गरजच नाही. आपण समोरासमोर बोलणाऱ्या दोन माणसांना एका बाजूने बघत असू तर पुढच्या चौकटीतही त्याच बाजूला उभं राहून बघावं, म्हणजे डावा डावीकडेच राहतो. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये एखादी चौकट अशी टाकावी की माणूस उठून पलीकडे गेलेला दिसेल. तेही जमत नसेल तर आधी बोलणाऱ्याचा फुगा वर आणि डावीकडे ठेवून त्याचं शेपूट लांबवून तोंडापर्यंत आणावं.

त्याच मुलाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. तो तिसऱ्या चौकटीत हसला. चौथीत हसला नाही. तीच ती रविवारची पट्टी: आजोबा सकाळी फिरून येतात, "एकच प्लेट पोहे खाल्ले" म्हणतात. तिसऱ्या चौकटीत आजी एक शब्द न बोलता त्यांच्या सदऱ्यावरची शेव उचलते आणि चष्म्यातून बघते. बस. मग चौथ्या चौकटीत आजोबा कबूल करतात की दोन प्लेटी झाल्या, वर जिलबीही झाली. अहो, ते आम्हाला शेवेनेच सांगितलं होतं! शि. द. फडणीसांची कितीतरी हास्यचित्रं शब्दांवाचून उभी आहेत, आणि तुमच्या सुनेची ती तिसरी चौकट त्या वाटेची आहे. ११ खुणांत त्या शेवेच्या जागेला एकही नाही. चांगलं होतं म्हणून तुम्ही ती मोकळी सोडलीत. शिक्षकांची ही जुनी खोड: बरोबर असेल तिथे पेन्सिल टेकत नाही. वाचणाऱ्याला मात्र मोकळी जागा म्हणजे कौतुक असं कधी वाटत नाही.

तुम्ही म्हणता, खोटं कौतुक जमत नाही. बरंच आहे की. खरं करा. "छान आहे" हे तसंही कौतुक नव्हे, ती पावती आहे. "शेव उचलताना आजीची करंगळी वर गेलीय, ते बघून मला हसू आलं" हे कौतुक आहे, कारण ते पट्टी न बघता म्हणता येत नाही. आणि ते म्हणून झालं की तिथेच थांबायचं. त्याला 'पण' जोडायचा नाही. आपल्याकडे 'छान आहे, पण' इतक्यांदा ऐकलेलं असतं की माणूस 'छान' ऐकतच नाही, 'पण'ची वाट बघत उभा राहतो.

चौथी बरोबर खूण अक्षरांची. फुग्यात मजकूर इतका दाटलाय की उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकलेत. हा आपल्या लिपीचा खास त्रास आहे. इंग्रजी अक्षरं सगळी मोठ्या लिपीत लिहिली की ओळीवर ओळ सरळ रचता येते. देवनागरीची ओळ तीन मजली: शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांट्या, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. दोन ओळींत तेवढी जागा सोडली नाही तर 'पोहे खूप झाले' हे एक नक्षीकाम होतं. शिवाय आपल्याकडे मोठी लिपी नाही, त्यामुळे कुणी ओरडलं तर ते अक्षराच्या जाडीने किंवा आकाराने दाखवावं लागतं. तिने ओरडण्यासाठी तीन-तीन उद्गारचिन्हं टाकलीत. तिला एकच सुचवा: पुढच्या पट्टीत आधी अक्षरं लिही, त्यांच्याभोवती फुगा काढ, उरलेल्या जागेत माणसं बसव. आपण सगळे उलटं करतो, आधी हौसेने माणसं काढतो आणि मग शब्दांना माणसांच्या डोक्यावर उभं करतो. आणि पट्टी पुरी व्हायच्या आधी एकदा फोनवर उघडून हात लांब करून बघायचं. वाचता आलं नाही तर शब्द कमी करायचे. अक्षर बारीक करायचं नाही.

तिसऱ्या पट्टीवर तुम्ही खुणा केलेल्या नाहीत, पण सांगण्यासारखं तिथेही आहे. तीत आजोबा नातीला इंदूरचा होळकरांचा राजवाडा दाखवायला नेतात. सुनेने चारही चौकटींत मागे अख्खा राजवाडा काढलाय, सातच्या सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, खिडक्या-सज्जांसकट. मेहनत बघून जीव हळहळतो. आजोबा मात्र त्या खिडक्यांत हरवले. पहिल्या चौकटीत एकदा राजवाडा पुरा दिसला की पुढे दरवाज्याच्या कमानीचा तुकडा पुरे, आणि शेवटच्या चौकटीत तर मागे काहीच नको, पांढरं राहू दे. इंदूरच्या माणसाला अर्ध्या कमानीवरून राजवाडा कळतो. ज्याला कळत नाही त्याला सात मजल्यांनीही कळणार नाही. हे तिला सांगताना 'गर्दी झाली' म्हणू नका. "मला आजोबांना शोधावं लागलं" म्हणा.

बघा, मीच तुम्हाला किती सूचना दिल्या. हे सगळं एका बैठकीत तिच्यापुढे ओतलंत तर लाल पेन्सिल परवडली असं होईल. एका वेळी एक. मी असते तर उंचीपासून सुरुवात केली असती, कारण ती एकदा बसली की सगळ्या पट्ट्यांना पुरते. अक्षरांचं त्यानंतर, महिना-दीड महिन्याने. किटली विसरून जा. पुढच्या वेळी ती आपसूक बाजूला होईल.

आणि वेळ. तिने "कशी वाटली?" विचारलं तेव्हा पट्टी पुरी झाली होती, ग्रुपवर गेली होती, मंडळात लागली होती. पंगत उठल्यावर आमटीत मीठ कमी होतं हे सांगून काय उपयोग? पुऱ्या झालेल्या पट्टीवर फक्त वाचक म्हणून बोलावं: कुठे हसले, कुठे अडले. दुरुस्ती सुचवायची ती कच्च्या रेखाटनाच्या वेळी, तेव्हा चौकट हलवायला दोन मिनिटं लागतात. पक्क्या रेषा झाल्यावर शुद्धलेखन आणि फुग्याचं शेपूट कुणाच्या तोंडाकडे गेलंय एवढंच बघावं. ती कच्चं दाखवेल का? आज नाही. मागू नका. आपणहून दाखवलं तर आधी विचारा, "यात मी काय बघू?" ती म्हणाली "नुसतं वाचा", तर नुसतं वाचा.

"कशी वाटली?" हा प्रश्न फसवा असतो हेही खरं. त्यात तीन प्रश्न लपलेले असू शकतात: तुम्हाला हसू आलं का, मी हे करत राहू का, आणि मला शिकवाल का. माझा अंदाज आहे तिने पहिला विचारला, फार तर दुसरा. तुम्ही तिसऱ्याचं उत्तर दिलंत.

आता तुमच्या पेन्सिलीने काढलेल्या त्या चेहऱ्याबद्दल. पहिल्या चौकटीशेजारी मोकळ्या जागेत तुम्ही आजोबांचा चेहरा स्वतः काढून दाखवलाय, "असा हवा" म्हणून. चेहरा सुंदर आहे. हात अजून गेलेला नाही तुमचा. आणि तो त्या पट्टीत पाहुण्यासारखा दिसतो. ती रेष तुमची आहे, तिची नाही. आपल्याच गावाकडे बघा. १९२७ साली सुरू झालेल्या इथल्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांनी शिकवलं. त्यांच्या हाताखालून चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे गेले, मकबूल फिदा हुसेन गेले, विष्णू चिंचाळकर गेले. तिघांचं काम शेजारी शेजारी ठेवलं तर एका मास्तरांचे विद्यार्थी म्हणून कुणी ओळखणार नाही. चिंचाळकर गुरुजी तर पुढे वाळक्या पानांत, काटक्यांत, टाकून दिलेल्या वस्तूंत आकार शोधत राहिले. मास्तरांनी त्यांच्या कागदावर आपला चेहरा काढून "असा हवा" म्हटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

तर, तिच्याशी बोला. मुलाला मध्ये घालू नका. सासूचा निरोप घेऊन जाणाऱ्या नवऱ्याचं दोन्हीकडे काय होतं ते आपण पाहिलंय. ती स्वयंपाकघरात हातातलं काम करत असताना नको, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तर नकोच. दोघीच असाल तेव्हा एवढं म्हणा: "तू त्या दिवशी कशी वाटली विचारलंस आणि मी वही तपासत बसले. चुकलं माझं." इथे थांबा. "माझा हेतू चांगला होता" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. मग शेवेच्या चौकटीबद्दल जे खरं वाटतं ते सांगा आणि उठा. "मग आता परत कधी काढतेस?" विचारू नका. हिशेबाच्या नोकरीत सप्टेंबर-ऑक्टोबर कसे जातात ते कुठल्याही अकाउंटंटला विचारून बघा. दोन महिने पट्टी आली नाही त्याचं सगळं श्रेय तुमच्या पेन्सिलीला नसेलही.

आणि तुमच्याकडे द्यायला सूचनांपेक्षा चांगली वस्तू आहे. हात. पट्ट्या काढणारे बरेच जण आरशात स्वतःचे हात बघून, नाहीतर घरच्यांना "जरा हा कप धर" म्हणून फोटो काढून हात काढतात. चौथ्या पट्टीतला पोळी लाटणारा हात तिला नीट जमलेला नाही, मनगट उलटं वळलंय. त्यावर बोलू नका. कधीतरी म्हणा, "तुला लाटण्याचा हात बघायचा असेल तर सांग, मी लाटत असताना फोटो काढ." ३१ वर्षं दुसऱ्यांच्या मानवाकृती तपासल्यात, आता जरा समोर बसा. मॉडेल म्हणून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा.

राहिली ती अकरावी खूण. आजीच्या चेहऱ्यावर बाण काढून तुम्ही लिहिलंत, "नाक एवढं मोठं का?" मी चारही पट्ट्या पुन्हा बघितल्या. आजोबांचं नाक त्याहून मोठं आहे, दूधवाल्याचं तर भोपळ्याएवढं आहे. त्यांना बाण नाही. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात कायम एक पेन्सिल, आणि तोंडी एकच वाक्य: "तुला त्रास नको म्हणून सांगते." ताई, या आजी कोण आहेत ते तुम्हालाही कळलंय आणि मलाही. विनोद चांगला आहे, माफ करा. त्यात टोचणी असेल थोडी, पण आकसाने काढलेली माणसं अशी दिसत नाहीत. शेव उचलणारी ती करंगळी कुणीतरी बरेच दिवस प्रेमाने बघितल्याशिवाय जमत नाही. तरी मनाला लागलं असेल तर तेही खरंच आहे, आणि ते तिला सरळ सांगता येतं: "ती आजी मी आहे का गं?" फक्त त्याला चित्रकलेतली चूक म्हणून लाल करू नका. ते प्रमाणबद्धतेच्या खात्यात मांडलंत की बाकीच्या दहा खुणाही त्याच रंगाच्या दिसायला लागतात.

एक विचारायचं राहिलं. या पट्ट्या तुम्ही मला तिला विचारून पाठवल्यात का? पत्रात तसं काही नाही. त्यामुळे चित्रं मी इथे छापणार नाही, आणि हे उत्तरही आधी तुमच्याकडे पाठवते आहे. तिला वाचायला द्या. ती नको म्हणाली तर सदरात दुसरं पत्र घेईन.

ता. क. तीन आठवड्यांनी सूनबाईंचाच फोन आला. छापा म्हणाल्या. अट एकच घातली, नाकाचा परिच्छेद गाळायचा नाही. फोन ठेवता ठेवता मागून कुणीतरी विचारत होतं, लाटणं असंच धरून ठेवू की खाली ठेवू.